उन्हात ठेवलेलं पीठ

ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही. गव्हाची कणीक महिनाभर डब्यात राहिली तरी पोळी लाटता येते, ज्वारीचं तसं नाही. दळून आणल्यावर आठ-दहा दिवस ते चांगलं असतं, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. मग त्याचा चिकटपणा जातो. आमच्याकडे म्हणतात, पिठाची विरी गेली. दिसायला पीठ तेच असतं, पण भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरा पडतात, उचलताना मधूनच फाटते, आणि कशीबशी तव्यावर पडली तरी फुगत नाही.

हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

वडील गेल्यावर मी आईला लातूरला आणलं. निलंग्याच्या पलीकडं आमचं गाव, तिथं दोन खोल्या. त्यांना कुलूप लावताना ती म्हणाली, "मी येते, पण बसून खायाला येत न्हाई." मला तेव्हा ते बोलायचं म्हणून बोललेलं वाटलं. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी सरकारी कचेरीत कारकून, बायको शाळेत शिकवते, मुलगी शिकायला बाहेरगावी. आई आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज आला. बायको उठून गेली तर आईनं पाच भाकरी करून दुरडीत उभ्या करून ठेवल्या होत्या.

"आत्या, मी केल्या असत्या की."

"तू पोळ्या कर पोरी. भाकर माझ्याकडं."

वाटणी तिथंच ठरली. त्यानंतर तीन वर्षं आमच्या घरातली भाकरी तिनंच केली. बायको नांदेड शहरातली, तिला पोळ्या सुरेख येतात, भाकरी यथातथाच. तिचीही तक्रार नव्हती. आई कुणाशी भांडली, रुसली, आजारी पडली, तरी शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं, "दोन भाकरी टाकते, दोन खाते. माझं काय वझं हाय तुमच्यावर?" ती हे हसत म्हणायची. पण तिचा सगळा हिशेब त्यात होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात रोजानं खुरपलेली बाई ती, काम केल्याशिवाय पानावर बसायची तिला सवयच नव्हती. तिची भाकरी हीच आमच्या घरात तिची जागा होती.

पिठाच्या बाबतीत ती फार कडक होती. ज्वारी बडीच पाहिजे, म्हणजे रब्बीची. ती स्वतः निवडायची, पाखडायची, आणि दोन किलोच डब्यात घालून माझ्या हातात द्यायची. दोन किलो पाच दिवसांत संपते. म्हणजे दर पाच दिवसांनी मी गिरणीत. मी आल्यावर ती डब्याचं झाकण काढायची, हात आत घालायची आणि पीठ मुठीत दाबायची. पीठ गरम असलं पाहिजे आणि मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे राहिले पाहिजेत. एकदा तिनं अख्खा डबा परत पाठवला.

"त्याला म्हणावं, गव्हावर ज्वारी घातलीस. आमाला काय मुकं समजला का?"

गिरणीवाल्यानं मुकाट्यानं दुसरं दळून दिलं. त्यानंतर मी डबा घेऊन दिसलो की तो रांगेतल्या लोकांना म्हणायचा, "सरका जरा, साहेबीण बाईंचा डबा आलाय. आधी हे काढून देतो, न्हाईतर माझी नोकरी जाईल." गिरणी त्याची स्वतःची होती. मी ते घरी येऊन सांगितलं की आई खूश व्हायची आणि वरून म्हणायची, "बरा हाय, जरा वचक पाहिजे."

करोनात तिचा वास गेला. बाकी ती बरी झाली, पण वास परत आला नाही आणि चवही अर्धी गेली. मीठ कमी-जास्त झालेलं तिला कळेना. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद. तिच्याजवळ राहिले फक्त हात. आणि ज्या गोष्टी हातांना कळत नव्हत्या त्या ती मला विचारायची. मी सांगितलेलं तिला पुरायचं.

वडिलांच्या तिसऱ्या स्मृतिदिनाला घरी बुद्धवंदना ठेवली होती. पाव्हण्यांसाठी पंधरा किलो ज्वारी दळून आणली. आयत्या वेळी बायकांनी पुऱ्यांचा घाट घातला आणि बारा किलो पीठ तसंच उरलं. आई म्हणाली, "हे आता कुनाच्या तरी गाईला घाल. एवढं पीठ भाकरीत सरायचं न्हाई, तवर विरी जाईल." मी हाव म्हणालो. पत्र्याचा तो मोठा डबा खाली जिन्याखाली नेऊन ठेवला, पाण्याच्या मोटारीशेजारी. गाय शोधायला कुणाला वेळ होता?

मार्च आला. कचेरीत वर्षअखेरीची कामं, घरी यायला आठ वाजायचे, तोवर गिरणी बंद. एका सकाळी आईनं दोन किलोचा डबा भरून हातात दिला. जिना उतरताना मला तो पत्र्याचा डबा दिसला. मी खाली उभा राहून आईची ज्वारी एका रिकाम्या पोत्यात ओतली आणि डब्यात मोठ्या डब्यातलं पीठ भरलं. दोन मिनिटांचं काम. पण मग आठवलं, आई हात घालून बघणार. पीठ गार होतं.

मी डबा स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि कचेरीसमोर स्कूटर दिवसभर उन्हात उभी केली. लातूरच्या मार्चच्या उन्हात डिकी तापायला काय लागतं? संध्याकाळी आईनं झाकण काढलं, हात घातला.

"आत्ताच आणलंस का?"

"हाव, आत्ताच."

तिनं मूठ दाबली. ठसे नीट उमटले नसणार. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "ज्वारी यंदाची कोरडी हाय वाटतं."

त्या वेळी मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. गिरणीची एक खेप वाचली याचंच बरं वाटलं. पाच दिवसांनी पुन्हा तेच केलं, मग पुन्हा. आईची निवडलेली ज्वारी जिन्याखालच्या पोत्यात साठत राहिली आणि मी रोज सावलीतली जागा सोडून स्कूटर उन्हात लावू लागलो. कचेरीतल्या शिपायानं एकदा विचारलं, "साहेब, गाडी तापून राहिली ना. सावलीत का लावत नाही?" मी म्हणालो, राहू दे.

भाकरी बिघडायला लागली. आधी कडेला चिरा. मग आई भाकरी काटवटीतून उचलायची तेव्हा ती मधोमध दुमडून तुटायची. तिनं पाणी गरम करून घातलं. मग उकळतं घातलं. पीठ जास्त वेळ मळलं, इतकं की मनगटं दुखायला लागली आणि ती रात्री तेल चोळायची. भाकऱ्या लहान करू लागली, बशीएवढ्या, म्हणजे तुटणार नाहीत. मी त्या खायचो. कडसर लागायच्या. बायको एकदा म्हणाली, "पीठ जरा कडू लागतंय का हो?" मी म्हणालो, यंदाची ज्वारीच तशी आहे. जिन्याखालचा डबा तिला माहीत होता. मी त्यातलं पीठ वापरतो हेही तिला माहीत होतं. आईला ताजं म्हणून सांगतो, हे मात्र माहीत नव्हतं.

एका सकाळी आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिनं दोन्ही हात पुढं धरले होते, पिठानं पांढरे झालेले.

"बग बरं, कापायलेत का?"

"न्हाई."

"नीट बग."

"न्हाई कापत, आई."

"मग भाकर कामून मोडायली? पीठ तर ताजं हाय."

ते वाक्य तिनं प्रश्न म्हणून विचारलंच नव्हतं. पीठ ताजं असल्याबद्दल तिला शंका नव्हती, कारण ते मी आणलं होतं. मी आंघोळीला गेलो.

एप्रिलच्या मध्यावर मोठा डबा संपला. पोत्यात आईची बारा किलो ज्वारी जमली होती. ती मी एका रविवारी सगळी एकदम दळून आणली आणि पुन्हा त्याच डब्यात भरली. गिरणीवाला म्हणाला, "काय हो, साहेबीण बाई बदलीवर गेल्या का? लई दिवस डबा नाही." मी हसलो.

त्यातलं पहिलं दोन किलो पीठ खरंच ताजं होतं. दुसऱ्या दिवशी आईची भाकरी झाली. ताटाएवढी, पातळ, आणि विस्तवावर न ठेवताच तव्यावरच अशी फुगली की तिनं मला हाक मारून दाखवली. तिनं ती दोन बोटांनी उचलली, टेचात फिरवली.

"आला बग हात," ती म्हणाली. "मी म्हणलं गेला का काय. कुटं फिरायला गेलता कुणास ठाऊक."

तो आठवडा ती वेगळीच बाई होती. खालच्या काकूंना रोज दोन भाकरी पाठवायची, मी द्यायला गेलो की त्या म्हणायच्या, तुझ्या आईला सांग, माझ्या दातांना देव भेटला. आई ते ऐकून पुन्हा दोन जास्त करायची. आणि अशाच एका सकाळी, जास्तीच्या भाकरी करताना, तिच्या लुगड्याचा पदर गॅसवर गेला.

बायको घरात होती म्हणून निभावलं. तिनं तांब्याभर पाणी ओतलं. पदर हातभर जळाला, आईच्या दंडावर रुपयाएवढा फोड आला. आई म्हणत होती, "कायी न्हाई झालं. चुलीवर काय कमी भाजलं का मला?" बायकोनं मात्र आधी गॅस बंद केला आणि मग सिलिंडरचं बटणही.

संध्याकाळी ती मला गच्चीवर घेऊन गेली.

"मी शाळेत असते, तुम्ही कचेरीत. घरात त्या एकट्या आणि तो गॅस. त्यांना नीट दिसत नाही. गॅस चालू राहिला तरी वास येत नाही. माझं वर्गात लक्ष लागत नाही. तुम्ही त्यांना सांगा, आता गॅसजवळ जाऊ नका."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

तिचं काही चुकत नव्हतं. पण मी ते आईला कसं सांगणार होतो? दोन भाकरी टाकते, दोन खाते, हे म्हणणाऱ्या बाईला टाकू नको म्हणणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. मी रोज ठरवायचो आणि रोज कचेरीला निघून जायचो.

मग एका सकाळी काटवटीच्या कडेला पहिली चिरलेली भाकरी दिसली. जिन्याखालचं पीठ पंधरा दिवसांचं झालं होतं, वर पत्र्याचा जिना, मेचं ऊन. मी ती भाकरी पाहिली आणि माझ्या मनात जे आलं ते असं, की आता मला काही सांगावं लागणार नाही.

माझा खरा गुन्हा इथून धरावा. त्याआधीचा आळस होता. इथून पुढं मी वाट पाहत होतो. गिरणी उघडी होती, कचेरीतलं काम सरलं होतं, मी पाचला घरी येत होतो. मी जुनंच पीठ भरत राहिलो, स्कूटर उन्हात लावत राहिलो, आणि आईनं झाकण काढून "आत्ताच आणलंस का?" म्हटलं की हाव म्हणत राहिलो. माझ्या मनात सबब तयार होती. तिच्याच जिवासाठी. उद्या पेटली असती तर?

ती सहजासहजी हरली नाही. एके दिवशी तीन वेळा पीठ मळलं. एकदा मी बघितलं, ती मोडलेल्या भाकरीचे तुकडे गुपचूप आपल्या ताटात घेत होती आणि वरून वरण ओतत होती, म्हणजे दिसू नयेत. काकूंना भाकरी पाठवणं तिनं आपणहून बंद केलं. काकूंनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, आईला आता होत नाही. हे मी किती सहज म्हणालो, ते आता आठवतं.

मेच्या मध्यावर एका सकाळी थापण्याचा आवाज आला नाही. आई ओट्याशी उभी होती. काटवट धुऊन, पुसून, भिंतीला टेकवून ठेवलेली.

"पोरी," ती बायकोला म्हणाली, "आजपासून तूच बग. माझे हात गेले."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, मी शेवटी बोललो. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "नीट समजावून सांगितलंत ना? दुखावल्या नाहीत ना?"

"नाही," मी म्हणालो.

लातुरात खानावळींना तोटा नाही, क्लासच्या पोरांमुळे गल्लोगल्ली आहेत. मी तिथून भाकरी आणायला लागलो. मशीनवरच्या, सगळ्या सारख्या, पापडासारख्या. आईनं पहिल्या दिवशी एक उलटून पालटून पाहिली.

"चांगली हाय," ती म्हणाली. अर्धी खाल्ली. नंतर कधी अर्धीच्या पुढं गेली नाही. पोळी दिली तर पोळी, भात दिला तर भात, जे वाढू ते आणि जेवढं वाढू त्याच्या निम्मं. वाढताना म्हणायची, "पुरे, पुरे. बसून तर हाय." ते "दोन टाकते, दोन खाते" हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. दिवसभर ती खिडकीशी बसायची, हात मांडीवर उताणे ठेवून. एकदा म्हणाली, मला गावाकडं नेऊन सोड. मी म्हणालो, तिथं कोण आहे? ती म्हणाली, "इथं तरी काय करायलेय मी?"

ऑगस्टमध्ये ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण उठणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा फार आहे, खायला घाला, आणि बोटं आखडतायत, त्यांना काम द्या, रबरी चेंडू दाबायला द्या.

अक्का आली ती तेव्हा. माझी थोरली बहीण, हिमायतनगरला दिलेली. एसटीनं नांदेड, नांदेडहून लातूर, असा अख्खा दिवस प्रवास करून, काखेत कपड्यांची पिशवी आणि हातात डबा. चेंडू बघून ती म्हणाली, "ह्ये काय खेळणं आणलंस म्हातारीला? पिठाचा गोळा द्या की. सकाळी गिरणीतून आणलं आनि तशीच गाडीत बसले मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको शाळेत गेल्यावर तिनं ते पीठ मळलं. आईच्या पाठीला उशा लावल्या, मांडीवर परात उलटी ठेवली, आणि लिंबाएवढा उंडा तिच्या हातात दिला. मी दाराशी खुर्चीवर बसलो होतो.

आईनं तो उंडा बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग अंगठ्यानं दाबला. मग म्हणाली, "जरा मोठा दे." अक्कानं दिला. आईनं तो परातीवर ठेवला, खाली पीठ भुरभुरलं आणि थापायला सुरुवात केली. हात दमलेले होते, मधे मधे थांबत होती. पण भाकरी तिच्या हाताखाली सरकत, फिरत, मोठी होत गेली. कडेला एक चीर नाही. तळव्याएवढी झाली, बशीएवढी झाली, परात भरत आली.

अक्का हसायला लागली. "म्हणं हात गेले. कुठं गेलते गं? निलंग्याच्या बाजाराला?"

आई हसली नाही. ती भाकरीच्या कडेवरून बोट फिरवत होती, गोल, पुन्हा पुन्हा, जिथं चीर असायला हवी होती तिथं.

"कवा दळलं म्हणालीस?" तिनं अक्काला विचारलं.

"काल सकाळी."

आईनं भाकरीवरचं बोट उचललं. मग माझ्याकडं वळली. तिच्या चांगल्या डोळ्यानं ती मला नीट बघत होती.

"तू आणायचास ते कवाचं असायचं रे?"

मला वेळ होता. एक श्वासभर का होईना, होता. मी एवढंच म्हणायचं होतं, जुनं होतं आई, माझं चुकलं, तुझे हात चांगले होते. तिच्याजवळ फार दिवस राहिले नव्हते, हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं. पण अक्का बघत होती. आणि खरं सांगितलं तर पुढं सगळंच सांगावं लागलं असतं, डिकी, ऊन, जिन्याखालचं पोतं.

"ताजंच असायचं, आई," मी म्हणालो. "त्याच दिवशीचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

तिनं हात पदराला पुसले. एकेक बोट वेगळं धरून पुसलं. अक्कानं भाकरी उचलून नेली, तव्यावर टाकली, आतून ओरडून सांगितलं की फुगली. ताटात घेऊन आली तेव्हा आई म्हणाली, "मला नको. त्याला दे."

मी ती खाल्ली. कोरडी, दाराशी बसून, अख्खी. अक्का डोळे पुसत बघत होती.

त्यानंतर आठ दिवस अक्का होती. रोज सकाळी आईच्या हातात गोळा द्यायची. आई तो धरायची आणि थोड्या वेळानं तसाच परत द्यायची. थापली मात्र नाही. सप्टेंबरात आई गेली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि हात गेले होते हेच घेऊन गेली, की मला ओळखून गेली, हे मला माहीत नाही. यातलं कोणतं असावं असं मला वाटतं, हेही मला सांगता येत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्ते निघून गेल्यावर बायका जेवायला बसल्या होत्या. अक्का वाढता वाढता सांगत होती, "शेवटाला हात गेलते तिचे. पण एक दिवस, बगा, असा काय हात चालला! आनि ती भाकर तिच्या लेकानं कोरडी खाल्ली." बायका हळहळल्या. मी मेणबत्त्या सरळ करत उभा होतो.

जिन्याखाली दोन-तीन किलो पीठ अजून शिल्लक होतं. किडे झाले होते. ते फेकून देण्याआधी मी चाळून वाटीभर ठेवलं. गिरणीत जाऊन दोन किलो ज्वारी दळून आणली. बायको माहेरी गेली होती त्या दिवशी दोन्ही पिठं वेगवेगळी मळली. मला भाकरी येत नाही, आयुष्यात केली नव्हती. ताज्या पिठाची वेडीवाकडी झाली, जाड झाली, एका बाजूला करपली, पण झाली. उचलली तेव्हा अखंड आली. जुन्या पिठाची पाच वेळा केली. पाचही वेळा हातात तुकडे. त्यात माझ्या हाताचा दोष नव्हता. आईच्याही नव्हता. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी मला हातानं बघायचं होतं.

बायकोला सांगितलं. तिनं तपासत असलेली वही मिटली. मग म्हणाली, "मी तुम्हाला त्यांना सांगा म्हटलं होतं." आणि थोड्या वेळानं, "मला वाटलं, त्यांना जुनं आहे हे माहीत असेल." तेव्हापासून ती भाकरी करत नाही. मीही मागत नाही.

अक्काला सांगायला मला पाच महिने लागले. फोनवर सांगितलं, समोर बसून सांगायचं धैर्य नव्हतं. सगळं सांगितलं, डिकीपासून. ती मधे एकदाही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"अक्का?"

"हाय."

मागं कुठं तरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"मी तिथंच बसले होते रे," ती म्हणाली. "तिनं तुला विचारलं तवा. मी तिथंच होते."

"हाव."

"आनि तू ती भाकर खाल्लीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी समद्यास्नी सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, मायेनं खाल्लीस."

मग तिनं फोन ठेवला. त्याला आता दोन महिने झाले. दिवाळीनंतर ती दर वर्षी नव्या ज्वारीचा एक कट्टा एसटीनं पाठवते. यंदाचा त्या फोनच्या आधीच आला होता, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा आहे. माझ्या वेड्यावाकड्या भाकरीसाठी मी त्यातली दोन किलो निवडतो, गिरणीत नेतो, रांगेत उभा राहतो. गिरणीवाला आता कुणाला सरका म्हणत नाही. पीठ गरम असतानाच घरी आणतो, सावलीतून.